उंची बेताची असताना नेटवर कसं खेळायचं

व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो, म्हणजे फक्त मागं खेळणारा खास खेळाडू, सोडला तर रोटेशन, म्हणजे जागा फिरत बदलणं, कुणालाच चुकत नाही. प्रत्येकाला दोन, तीन आणि चार नंबरवर, म्हणजे नेटजवळच्या पुढच्या रांगेत, यावंच लागतं. तरीही आपल्याकडे, कऱ्हाडपासून तासगाव-विट्यापर्यंत, पाच फूट पाच इंचाच्या पोराला पहिल्याच दिवशी "तू मागं राहा, बॉल उचल" असं सांगून टाकतात. तो रोटेशनमध्ये पुढं आला की बाकीचे त्याला झाकत खेळतात. त्याला रन-अप, म्हणजे उडीआधीची धाव, कुणी शिकवत नाही, ब्लॉकला, म्हणजे समोरचा मार नेटवर अडवायला, हात कसे न्यायचे ते सांगत नाही, आणि सहापैकी तीन रोटेशनमध्ये संघ नेटवर एका माणसाने कमी पडतो. खरं तर कमी उंचीच्या खेळाडूला नेटवरचं काम शिकवायला उंच खेळाडूपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा, कारण त्याच्याकडे चुकीला जागा फक्त काही सेंटिमीटरची असते. ती जागा नेमकी किती आहे हे कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी आपले आकडे काढा

खडू, मोजपट्टी, एक दोरी आणि जुन्या कापडाच्या चिंध्या एवढं सामान पुरतं. अनवाणी, टाचा जमिनीला टेकवून भिंतीशी उभं राहा. बोटांना खडू लावून एक हात पूर्ण वर न्या आणि खूण करा. मग दोन्ही हात एकत्र वर नेऊन दुसरी खूण करा. दोन हातांची पोच एका हातापेक्षा चार-पाच सेंमी कमी भरते, आणि ब्लॉकसाठी हीच खूण कामाची असते.

उडी भिंतीवर मोजू नका. रन-अप घेऊन भिंतीकडे उडी मारली की मनगट आणि गुडघा दोन्ही धोक्यात येतात. दोन खांबांमध्ये उंचावर दोरी ताणा आणि तिला पाच-पाच सेंमीच्या फरकाने चिंध्या लोंबत्या ठेवा. जागेवरून दोन हातांनी ब्लॉकची उडी आणि रन-अप घेऊन एका हाताची उडी, प्रत्येकी पाच वेळा मारा. सगळ्यात चांगला आकडा सोडून द्या आणि दुसऱ्या नंबरचा लिहून ठेवा. सामन्यात चौथ्या सेटला तोच खरा असतो.

आता नेट. पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. उंची मध्यावर मोजायची. दोन्ही कडांना ती सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा दोन सेंमीहून जास्त भरता कामा नये. गावच्या ग्राउंडवर नेट मध्ये झोल खाऊन सात-आठ सेंमी खाली आलेलं असतं, आणि अशा नेटवर सराव केलेला पोरगा स्पर्धेत गेला की त्याचे सगळे स्मॅश नेटला लागतात. म्हणून २.४३ मीटरची एक बांबूची काठी कापून ग्राउंडवरच ठेवून द्या आणि रोज नेट बांधताना ती लावून बघा.

बॉलचा व्यास साधारण २१ सेंमी असतो. म्हणजे पुरुषांच्या नेटवरून बॉल न घासता जायला त्याचा मध्य २.५४ मीटरच्या वर हवा. बॉल बोटांच्या टोकाने मारत नाहीत, तळव्याने मारतात, आणि तळव्याचा मध्य टोकापासून साधारण दहा सेंमी खाली असतो. हिशेब असा की रन-अपच्या उडीत बोटं २.६४ मीटरला पोचली तर बॉल नेटवरून जेमतेम आडवा जातो. २.७५ ला पोचली तर थोडा खाली दाबता येतो. १६५ सेंमी उंचीच्या खेळाडूची उभी पोच साधारण २.१५ मीटर असते, म्हणजे त्याला अनुक्रमे ४९ आणि ६० सेंमी उडी लागते. पहिला आकडा मेहनतीने बहुतेकांना गाठता येतो. दुसऱ्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. मुलींनी या दोन्ही आकड्यांतून १९ सेंमी वजा करावेत, म्हणजे २.४५ आणि २.५६.

पहिल्या आकड्याच्याही खाली असाल तरी नेटवर खेळता येतं. फक्त बॉल नेटपासून मीटर-सव्वा मीटर मागं घ्यायचा, मध्याच्या किंचित खाली हात लावून वरच्या अंगाला घासत न्यायचा आणि मनगट बॉलवरून पूर्ण वळवायचं. बॉल आधी वर जातो आणि पुढच्या फिरकीमुळे शेवटच्या दोन-तीन मीटरांत झपकन खाली येतो.

नंबर कोणता

सेंटरला, म्हणजे तीन नंबरला, शक्यतो जाऊ नका. सेंटर ब्लॉकरला दोन्ही बाजूंना धावून प्रत्येक बॉलवर हात न्यावे लागतात, आणि तिथं उंची नसेल तर संघाचा ब्लॉकच ढासळतो. उरले चार (नेटवर डावीकडचा) आणि दोन (उजवीकडचा). सर्व्हिसच्या बॉलला हात लागेपर्यंत, निदान सर्व्हिस घेणाऱ्या संघाला, रोटेशनचा क्रम पाळावा लागतो. त्यानंतर पुढच्या रांगेतले तिघं आपसात जागा बदलू शकतात, आणि हा नियम तुमच्यासाठी सोन्याचा आहे.

उजव्या हाताच्या खेळाडूसाठी चार नंबर बरा. लिफ्ट, म्हणजे स्मॅशसाठी वर उचलून दिलेला बॉल, उजवीकडून येते, त्यामुळे बॉल शरीर ओलांडायच्या आत मारता येतो. लिफ्ट उंच असते, म्हणून पूर्ण रन-अप मिळतो. ब्लॉकमध्येही फायदा आहे. तालुका-जिल्हा पातळीवर बहुतेक संघ त्यांचा दमदार स्मॅशर चार नंबरवर ठेवतात, आणि तो तुमच्या दोन नंबरसमोर येतो. तुम्ही चार नंबरवर असाल तर तुमच्यासमोर त्यांचा दोन नंबर येतो आणि तिकडून बॉल कमी येतात. डावखुऱ्या खेळाडूने मात्र दोन नंबरच धरावा. त्याच्यासाठी हेच गणित उलटं लागू होतं.

बूस्टर, म्हणजे लिफ्ट देणारा खेळाडू, व्हायचं असेल तर दोन नंबर ठरलेलाच. जपानच्या योशिए ताकेशिता या बूस्टरची उंची १५९ सेंमी होती. २००६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने कांस्यपदक मिळवलं. तीसुद्धा रोटेशनमध्ये नेटवर यायचीच. बूस्टर पुढच्या रांगेत असताना दुसऱ्याच हाताला (म्हणजे संघाच्या दुसऱ्या स्पर्शाला) बॉल पलीकडे टाकू शकतो, आणि समोरचा ब्लॉकर ते गृहीत धरून क्षणभर अडकून राहतो. मागच्या रांगेतल्या बूस्टरने नेटपासून तीन मीटरच्या रेषेच्या आतून, बॉल पूर्णपणे नेटच्या वर असताना हेच केलं तर फाऊल होतो. ही मुभा फक्त तीन रोटेशन मिळते, तेव्हा ती वापरा.

रन-अप: सेंटिमीटर इथं मिळतात

रन-अपची उडी जागेवरच्या उडीपेक्षा आठ-दहा सेंमी तरी जास्त हवी. उभी पोच वजा केल्यावर तुमच्या दोन आकड्यांत एवढा फरक दिसत नसेल तर पायांची ताकद वाढवण्याआधी पावलं दुरुस्त करा, कारण हे सेंटिमीटर फुकट वाया चालले आहेत.

उजव्या हाताच्या खेळाडूची चार पावलं उजवा, डावा, उजवा, डावा अशी पडतात. सुरुवात नेटपासून साडेतीन ते चार मीटरवर, आणि चार नंबरवर असाल तर बाजूच्या रेषेच्या मीटरभर बाहेरून. पहिलं पाऊल लहान आणि सावकाश, फक्त लय पकडायला. दुसरं मोठं, लिफ्टची दिशा बघून टाकलेलं. तिसरं सगळ्यात लांब आणि टाचेवर पडणारं. त्याच वेळी दोन्ही हात मागं पूर्ण ताणलेले आणि छाती किंचित मागं. चौथं लगेच, टक-टक असा जवळजवळ एकच आवाज यावा इतक्या झटपट. हा डावा पाय उजव्याच्या थोडा पुढं पडतो आणि चवडा उजवीकडे वळलेला असतो. तोच ब्रेक लावतो आणि पुढं जाणारा वेग वर फिरवतो. मग दोन्ही हात खालून एकदम वर. नुसता उजवा हात वर नेणाऱ्याची उडी कापली जाते.

इथं तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, घाईने निघणं. उंची कमी असलेल्याला "पोचणार नाही" ही धास्ती असते, म्हणून तो लिफ्ट होण्याआधीच पळत सुटतो आणि बॉलच्या खाली जाऊन थांबतो. मग उडी जागेवरची होते आणि बॉल डोक्यामागं जातो. उंच लिफ्टला, बॉल सगळ्यात वर पोचेपर्यंत पहिल्या पावलाच्या पुढं जायचं नाही. दुसरी, पुढं उडणं. उडीचा जोर पुढं गेला की पोच कमी होते आणि अंग नेटवर जातं. बॉल खेळताना दोन्ही अँटेनांच्या (नेटच्या कडांना लावलेल्या उभ्या काठ्यांच्या) मध्ये नेटला स्पर्श झाला की फाऊल. पाय मधल्या रेषेपलीकडे गेला तरी त्याचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या बरोबर वर असेल तोवर चालतं, पण पलीकडच्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळतो तो इथंच. जिथून उडालात तिथून फार तर दीड पाऊल पुढं उतरायचं. जमिनीवर खडूची रेघ मारून हे रोज तपासा. तिसरी, कोपर वाकवून मारणं. हात पूर्ण सरळ व्हायच्या आत बॉल लागला तर सात ते दहा सेंमी गेलेच, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या उड्यांची कमाई गेली. बॉल खांद्याच्या किंचित पुढं, हात सरळ असतानाच लागला पाहिजे.

आपल्या भागातली एक खास अडचण शूटिंगची आहे. शूटिंग व्हॉलीबॉलवर हात बसलेल्यांना दोन्ही हात जोडून, दोन्ही खांदे नेटकडे ठेवून मारायची सवय असते. स्मॅशला उजवा खांदा मागं जायला हवा आणि डावा हात बॉलकडे बोट दाखवत वर हवा. ही सवय मोडायला बॉल टांगून मारणं हा सगळ्यात चांगला उपाय. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत जुना बॉल घालून लिंबाच्या किंवा चिंचेच्या मजबूत फांदीला टांगा. बॉलचा मध्य तुमच्या रन-अपच्या आकड्यापेक्षा पंधरा सेंमी खाली ठेवा. रोज पंचवीस मार, त्यातले पहिले दहा नुसती टाळी वाजवल्यासारखे, जोर न लावता. आठ दिवसांनी पाच सेंमी वर घ्या.

ब्लॉकच्या डोक्यावरून मारायचा नाद सोडा

समोर १८० सेंमीचे दोघं ब्लॉकला आले तर त्यांच्यावरून मारणं तुम्हाला जमणार नाही. जमायची गरजही नाही, कारण त्यांच्या हातांचाच उपयोग करून घेता येतो.

नेटपासून अर्ध्या मीटरवर, बॉलचा मध्य २.६५ ला असताना तुम्ही नेटला चाटून जाईल असा बॉल खाली दाबला, तरी त्या सरळ रेषेत तो पलीकडे अकरा मीटरच्या पुढं पडेल. कोर्ट नऊ मीटरचं. म्हणजे तुमचा बॉल आत पडतो तो गुरुत्वाकर्षण आणि फिरकीमुळे. कर्णात मारलात तर कोपऱ्यापर्यंत जवळजवळ १२.७ मीटर मिळतात, बॉल जास्त वेळ हवेत राहतो आणि तेवढा जास्त खाली येतो. म्हणून जोराचा मार कर्णात, आणि रेषेवरचा मार नेम धरून, जोर कमी ठेवून.

लिफ्ट नेटपासून ८० सेंमी ते एक मीटर मागं मागा. अगदी नेटला चिकटलेली लिफ्ट उंच स्मॅशरला आवडते. तुमच्या बाबतीत समोरचा ब्लॉकर हात पलीकडे घालून बॉल तुमच्याच पायाशी दाबतो. लिफ्टची उंचीही ठरवून घ्या. नेटवर तीन मीटर चढणारा बॉल म्हणजे समोरच्या सेंटरला धावत यायला मोकळा वेळ. नेटच्या वर सव्वा ते दीड मीटर जाणारी, अँटेनाकडे झपाट्याने येणारी लिफ्ट असेल तर तुमच्यासमोर दीडच ब्लॉकर उरतो. दोघांमधली फट दिसते, आणि ती फट छातीएवढी मोठी नसली तरी बॉलएवढी असते. अशा लिफ्टला रन-अप लवकर, बूस्टरच्या हातात बॉल येताच सुरू करावा लागतो. पण आधी उंच लिफ्टवर तीन महिने पक्कं व्हा, मगच याकडे या.

आता हातांवर खेळणं. बाहेरच्या ब्लॉकरचा बाहेरचा हात, म्हणजे अँटेनाच्या बाजूचा, हे तुमचं पहिलं लक्ष्य. त्या हाताच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर बॉल बसला की तो कोर्टाबाहेर उडतो आणि गुण तुमचा. यासाठी शेवटच्या क्षणी मनगट आतून बाहेर वळवायचं. बॉल चुकून नेटला चिकटून आलाच तर मारू नका. तो ब्लॉकरच्या हातावर टेकवून बाहेरच्या अंगाला झटकन पुसून काढा. रेंगाळलात तर पंच होल्डिंग, म्हणजे बॉल धरून ठेवल्याचा फाऊल, देतो. दोघं नेटवर एकाच बॉलला दाबत असाल तर आधी दाबणारा दमतो. अर्धा क्षण उशिरा, खालून वर आणि बाहेर ढकला.

दुसरं लक्ष्य बोटांची टोकं. मागच्या रेषेच्या अर्धा मीटर बाहेर पडेल असा लांब, सपाट मार. बोटांना लागला तर बॉल मागं भिंतीपर्यंत जातो. ब्लॉकर चलाख असेल आणि ऐन वेळी हात खाली ओढले तर मात्र बॉल बाहेर जातो, म्हणून हा मार एका सेटमध्ये दोन-तीनदाच.

प्लेसिंग शेवटी शिकवतात, ते आधी शिका. ब्लॉकच्या मागं, तीन मीटरच्या रेषेच्या आत बहुतेक संघांची जागा मोकळी असते. रन-अप आणि हाताचा झोका पूर्ण स्मॅशसारखा ठेवून शेवटी बोटांच्या पेरांनी, ताठ मनगटाने बॉल टाकायचा. हात सैल ठेवून बॉल वाहून नेला तर फाऊल. तुम्ही नेहमी प्लेसिंगच टाकता हे समोरच्याला कळलं की त्याचा फायदा संपला. साधारण चार जोरदार मारांमागं एक, हे प्रमाण बरं.

काहीच दिसत नसेल, लिफ्ट वाईट असेल, समोर तीन हात असतील, तर बॉल ब्लॉकवर हलकाच मारून आपल्या बाजूला परत घ्या आणि पुन्हा लिफ्ट करा. यासाठी मागं तिघं वाकून तयार हवेत. हे संघानं मिळून ठरवायचं काम आहे, एकट्यानं करून बॉल पायाशी पडतो.

ब्लॉक

इथं एक हिशेब डोक्यात ठेवा. उडी ३० सेंमी असो वा ८०, उडीच्या सगळ्यात वरच्या दहा सेंमीत माणूस साधारण ०.२९ सेकंदच राहतो. उंच ब्लॉकरचे हात नेटच्या वर तीस-चाळीस सेंमी असतात, त्यामुळे तो लवकर किंवा उशिरा उडाला तरी काही ना काही हात नेटवर असतोच. तुमचे हात नेटवर दहा-पंधरा सेंमीच येत असतील तर ते ०.२९ सेकंद म्हणजे तुमचा सगळा ब्लॉक. आणि कमी उंचीचा खेळाडू याच्या बरोबर उलट करतो: उंच स्मॅशर दिसला की घाबरून लवकर उडतो. बॉल मारला जातो तेव्हा तो खाली येत असतो.

तर, उशिरा उडा. बॉल नेटजवळ असेल तर स्मॅशरचे पाय सुटल्यावर क्षणभराने. लिफ्ट दीड-दोन मीटर मागं असेल तर त्याचा मारणारा हात पुढं यायला लागला की मग. नजरेचा क्रम पास, बूस्टर, लिफ्टची दिशा, आणि शेवटी मारणाऱ्याचा खांदा. लिफ्ट कुठं चालली हे कळलं की बॉलकडे बघणं सोडा. बॉलच्या मागं डोळे लावून बसणारा ब्लॉकर नेहमी एक पाऊल आत राहतो.

उभं राहताना हात कपाळाच्या उंचीवर, कोपरं पुढं, तळवे नेटकडे. हात कमरेखाली सोडून झोका घेत उडलात तर ते नेटवर पोचायला उशीर होतो, शिवाय वाटेत नेटला लागतात. एक-दीड मीटर सरकायचं असेल तर बाजूला सरकती पावलं. त्याहून जास्त असेल तर आडवं पाऊल टाकून धावा आणि उडायच्या आधी शेवटच्या पावलाने अंग परत नेटकडे वळवा. हे वळणं राहिलं की उडी तिरकी जाते आणि तुम्ही सेंटर ब्लॉकरवर आदळता.

हात कसे ठेवायचे हे तुमचा दोन हातांचा आकडा ठरवतो. मनगटं नेटच्या वर येत असतील तर हात पलीकडे घाला, बोटं ताठ पसरा, बाहेरचा तळवा कोर्टाच्या आत वळवा. फक्त बोटं किंवा अर्धा तळवा वर येत असेल तर पलीकडे हात घालायचा प्रयत्न करू नका, कारण त्यात उंची आणखी कमी होते. हात सरळ वर, तळवे आभाळाकडे थोडे मागं कललेले ठेवा. बॉल त्यावर लागून वेग गमावतो आणि तुमच्याच बाजूला वर चढतो. ब्लॉकचा स्पर्श तीन हातांत मोजत नाहीत, म्हणून त्यानंतर पूर्ण तीन हात मिळतात. या मऊ ब्लॉकला टाळ्या पडत नाहीत, पण मागच्या खेळाडूंना खेळता येईल असा बॉल मिळतो. उभं राहायचं नेटपासून वीतभर अंतरावर. त्याहून मागं राहिलात तर बॉल नेट आणि छाती यांच्यामधून सरळ खाली जातो, आणि तो कुणालाच काढता येत नाही.

दोन दिशा झाकायला जाऊ नका. रेषा की कर्ण, एकच घ्या आणि मागच्यांना आधी सांगा. दोन हातांमध्ये बॉल जाणार नाही एवढंच अंतर. हात जवळ जोडून गेलात, शूटिंगच्या सवयीने बरेच जण जातात, तर झाकलेली जागा निम्मी होते. मार येताना तोंड फिरवणं आणि डोळे मिटणं ही भीती सरावानेच जाते: स्टुलावर उभ्या जोडीदाराला नेटवरून हलके बॉल हातांवर मारायला सांगा, रोज वीस.

समोरचा स्मॅशर खरोखरच फार वरून मारत असेल तर ब्लॉकला न उडणं हाही चांगला निर्णय असतो. तुम्ही तीन मीटरच्या रेषेवर मागं येऊन प्लेसिंग आणि उडालेले बॉल उचला, आणि मागच्यांना बॉल स्पष्ट दिसू द्या. हाताखालून निसटणाऱ्या ब्लॉकपेक्षा हे बरं.

उतरल्यावर मात्र नेटपाशी थांबू नका. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरा, बॉल मागं गेला की वळून तीन पावलांत साडेतीन मीटरवर जा. उंच खेळाडू दोन पावलांच्या रन-अपवरही वेळ मारून नेतो. तुम्हाला पूर्ण रन-अप लागतोच.

उडीची मेहनत

उड्यांचा सराव आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून. सुरुवातीला एका वेळी ६० ते ८० उड्या, त्यात सामन्यातल्या आणि स्मॅशच्या सरावातल्या उड्याही मोजा. रन-अपच्या पाच उड्यांचे चार संच, ब्लॉकच्या पाचचे चार, आणि ३० सेंमी ओट्यावरून उतरून दोन सेकंद न हलता थांबण्याचे आठचे दोन. प्रत्येक उडीनंतर पंधरा-वीस सेकंद, प्रत्येक संचानंतर दोन मिनिटं थांबा. धापा टाकत मारलेली उडी उंची वाढवत नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत १०० ते १२० वर न्या, सातव्यात निम्म्यावर आणा, आठव्यात पुन्हा चिंध्यांवर मोजा.

बाकी दोन दिवस ताकद. बाकड्यावर एका पायाने बसणं-उठणं आठचे तीन, एका पायावर टाच उचलणं बाराचे तीन, पाठीवर झोपून कंबर उचलणं दहाचे तीन. खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून, कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर ओढणं, पंधराचे दोन.

आपल्याकडे तालमीचा वारसा मोठा, म्हणून पाय म्हटलं की पाचशे बैठका सांगितल्या जातात. बैठकांनी दम आणि चिकाटी येते, पण उडीला लागतो तो झटका, आणि तो कमी संख्येत, पूर्ण जोराने केलेल्या कामातूनच येतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर पळत जाणाऱ्यांनी एवढं सांभाळा: उतारावर पळाल्याने मांड्या दुखतात, म्हणून ते उड्यांच्या आदल्या दिवशी नको.

जमीन बघूनच उड्या मारा. उन्हाळ्यात तापून तडकलेली काळी माती सिमेंटइतकीच कडक असते. मुरुमाच्या ग्राउंडवर सुटे खडे झाडून पाणी मारा. कडक जमिनीवर निम्म्याच उड्या, उतरायचा सराव लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात. बारा ते सोळा वयातल्या मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखायला लागला तर उड्या थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, ते वाढीचं वय आहे. मोठ्यांनी सकाळी जिना उतरताना गुडघा दुखला तर त्या आठवड्यात उड्या निम्म्या कराव्यात. बारला लटकून किंवा पावडर खाऊन उंची वाढत नाही, त्या पैशाचे चांगल्या रबरी तळाचे बूट घ्या.

वाऱ्याचंही बघा. चाळकेवाडीच्या पठारावर किंवा ढालगावकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. मोकळ्या ग्राउंडवर मे-जूनमध्ये उंच लिफ्ट अर्धा-पाऊण मीटर सरकते आणि तुमचं टायमिंग मोडतं. अशा वेळी बूस्टरला लिफ्ट बुटकी ठेवायला सांगा, आणि वारा तोंडावर असेल त्या बाजूने मागच्या रेषेवर बिनधास्त मारा, बॉल आत राहतो.

सामन्यात पहिल्या आठ-दहा गुणांत समोरच्या बाहेरच्या ब्लॉकरचं एवढंच टिपा: त्याचा बाहेरचा हात आत वळलेला आहे की सपाट, आणि तो लवकर खाली येतो का. सपाट असेल तर टच आऊट (ब्लॉकला लागून बाहेर जाणारा बॉल) दिवसभर मिळेल. जत्रेच्या स्पर्धांत बऱ्याचदा एकच पंच असतो, रेषेवर कुणी नसतं, आणि बोटाच्या टोकाला चाटून गेलेला बॉल त्याला दिसत नाही. तिथं बोटांवर खेळू नका, तळव्याच्या बाहेरच्या कडेवर मारा. बॉलची दिशा इतकी वळते की ती पंचाला समोरूनही दिसते.